शेवटच्या माणसाचा ओटा

त्या ओट्यावरची पिशवी तेवढी खाली घ्या. राग मानू नका, इथे येणारा प्रत्येकजण आधी हेच करतो आणि मला प्रत्येकाला हेच सांगावं लागतं. सांगून सांगून तोंड दुखतं, पण सांगायचं सोडलं तर माझ्याच जिवाला लागून राहतं. पिशवी जमिनीवर ठेवा, हवं तर माझ्याकडे द्या. ओटा मोकळा राहू दे.

ही मिठाची खिंड. खालून कोकणातून मीठ वर यायचं, वरून नाचणी आणि मिरची खाली जायची, सगळं माणसांच्या डोक्यावरून. आता घाटातून डांबरी रस्ता झालाय, म्हणून इथे शुकशुकाट. हा ओटा बघा, खांद्याइतका उंच. बसायला जावं तर चढता येत नाही. वर देव नाही, पादुका नाहीत, दिव्याचा कोनाडासुद्धा नाही. मागच्या वर्षी एका शहाण्याने मला विचारलं, हे बांधकाम अर्धवट राहिलं का? अर्धवट नाही राहिलं. पुरं व्हायला अकरा उन्हाळे लागले, असं सांगतात.

आमच्या वाळंजवाडीत ठमाबाई नावाची एक बाई होती. कधी, ते मला विचारू नका. माझ्या आजोबांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेली गोष्ट आहे. तिचा नवरा गुरं घेऊन चाऱ्यामागे लांब गेलेला, घरात ती आणि सहा वर्षांची पोर हौसा. चैत्रात ती पोर उंबरावरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. पाय काळानिळा पडला, अंगात ताप भरला. हाडवैद्य होता तो खाली करंजघरात, ही खिंड ओलांडून. पाय हलता कामा नये म्हणून ठमाबाईने दाराची एक फळी काढली, गोधडी अंथरून पोरीला तिच्यावर उताणी बांधली आणि शेजारणींनी ती फळी तिच्या डोक्यावर चढवून दिली. शेजारणींना त्यांची त्यांची पोरंबाळं होती. ती एकटीच निघाली.

तुम्ही कधी डोक्यावरून ओझं नेलं नसेल, म्हणून सांगतो. ओझं डोक्यावर असलं की मान वळत नाही. वर बघता येत नाही, मागे बघता येत नाही, कोणाला नमस्कार करायला हात मोकळे नसतात. दिसतात ती फक्त पुढची चार पावलं. ठमाबाई वाटभर पोरीचं कण्हणं ऐकत चालली होती, तेवढाच तिला पोरीचा ठावठिकाणा. आणि इथे, खिंडीच्या तोंडाशी, ते कण्हणं थांबलं.

आता आईच ती. ती कशी पुढे जाईल? ती गुडघ्यावर बसली, फळीचं एक टोक दरडीला टेकवलं आणि कशीबशी फळी खाली घेतली. पोरीची शुद्ध हरपली होती, पण श्वास चालू होता. इथेच त्या कपारीत झरा आहे. त्याचं पाणी तिने पोरीच्या ओठांना लावलं, कपाळाला लावलं. पोरीने डोळे उघडले. आणि मग ठमाबाईच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. ओझं खाली घेणं एकट्याने जमतं. वर चढवायला दुसरं माणूस लागतं.

ऊन डोक्यावर आलेलं. ती वाट बघत बसली. माणसं आली नाहीत असं नाही. एकजण आला, डोक्यावर मीठ. थांबला, हळहळला, म्हणाला, "बाये, म्या माजं उतरवलं तर परत कोन चढवील?" आणि गेला. मागून दोघं बाप-लेक आले, त्यांच्याही डोक्यावर ओझी, ते नुसतेच खाली बघत गेले. ती माणसं वाईट नव्हती, हे माझे आजोबा मुद्दाम सांगायचे. त्यांचा तिढा खरा होता. दोन ओझी आणि दोन माणसं असली की एकाचं चढतं, दुसऱ्याचं जमिनीवरच राहतं. दहा जण असले तरी नऊ जणांची चढतात आणि शेवटी एकजण उरतोच. त्या शेवटच्या माणसाच्या डोक्यावर ओझं कोण चढवणार? आणि या खिंडीत, त्या उन्हात, शेवटचा माणूस व्हायला कोण तयार होईल?

एकजण झाला. तोही मिठाचाच. त्याने काही विचारलं नाही. आपलं पोतं धपकन खाली टाकलं, ठमाबाईच्या डोक्यावरची कापडाची चुंबळ नीट बसवली, फळी उचलून अलगद तिच्या डोक्यावर दिली. "चाल आता. मागं बगू नको, फळी हालंल," एवढंच म्हणाला. ठमाबाईने त्याच्या तोंडाकडे बघितलं असेलही, पण तिचा सगळा जीव पोरीत. पुढे तो चेहरा आठवायला गेली तर काही केल्या आठवेना. फळी चढल्यावर खाली दिसले ते त्याचे पाय. उजव्या पायाला अंगठ्याशेजारचं बोट नव्हतं. ती चालू लागली. नाव विचारायचं राहिलं. दोन शब्द बोलायचे, तेही राहिले.

हाडवैद्याने हाड बसवलं. म्हणाला, सांज केली असती तर पाय गेला असता, कदाचित पोरही. पोरीला महिनाभर आपल्याकडेच ठेवून घेतलं. ठमाबाईच्या शेळ्या घरी कोंडलेल्या, म्हणून चौथ्या दिवशी ती एकटी, मोकळ्या डोक्याने खिंड चढून आली.

इथे येऊन बघते तर जमिनीवर पांढरी रेघ. जिथे त्याने पोतं टाकलं होतं तिथून निघालेली, वरच्या अंगाला गेलेली. त्याचं ओझं चढवायला हात लावणारं कोणी भेटलं नव्हतं. त्याने पोतं ओढत नेलं होतं. दगडांवर घासून पोतं फाटलं होतं आणि मीठ सांडत गेलं होतं. ठमाबाई त्या रेघेच्या मागे मागे चालली. वाटेत कोणाची तरी गुरं ती रेघ चाटत उभी होती. तिने त्यांना हाकललं, मग स्वतःलाच म्हणाली, आता हाकलून काय उपयोग. रेघ ओढ्यापर्यंत गेली आणि तिथे संपली. ओढ्यापलीकडे तीन वाटा फुटतात. तो कुठल्या वाटेने गेला, पोत्यात मूठभर तरी मीठ उरलं का, घरी जाऊन त्याने काय सांगितलं, काही कळायला मार्ग नव्हता.

पोर वाचली, हाताशी आली. बाईने खरं तर सुखाने झोपायला हवं होतं. पण तिला झोप लागेना, म्हणे. बाजाराच्या दिवशी ती इथे येऊन बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघायची. पाय बघता बघता अडलेल्यांना हात लावायची. शेकडो ओझी तिने चढवली असतील. कोणी म्हणे, असा एक माणूस सातारच्या अंगाचा होता. कोणी म्हणे, त्याने मिठाचा धंदाच सोडला. चार बोटांचा पाय मात्र कोणी दाखवला नाही. लोकांना तिची कीव यायची, मग कंटाळा यायला लागला. गावच्या गुरवाने सुचवलं, "ठमे, तितं पादुका बशीव. चार बोटांच्या घडव. नारळ फोड आन् मोकळी हो."

ठमाबाई म्हणाली, "त्येला पाया पडनारं नको व्हतं. हात लावनारं पायजे व्हतं."

आणि ती ओढ्यातून दगड आणायला लागली. एका खेपेला एक दगड, डोक्यावरून. चिरे घडवणं तिला येत नव्हतं, म्हणून हे असे वेडेवाकडे आहेत. उंचीसाठी ती येणाऱ्या हमालांना या दरडीशी उभं करायची आणि खांद्यापाशी कोळशाने खूण करायची. ओझं जमिनीवर टाकलं तर दुसरं माणूस लागतं. खांद्याइतक्या उंचीवर ठेवलं तर एकट्याला डोकं खाली घालून ते ओढून घेता येतं, एवढीच त्यातली हिकमत. बुटक्यांसाठी त्या बाजूला पायरी आहे, ती हौसाने बसवली. तोवर ती मोठी झाली होती, किंचित लंगडत दगड वाहायची.

अकराव्या उन्हाळ्यात वरचा थर बसला. दोघी मायलेकी इथे सावलीला बसल्या होत्या. एक बाई सवयीने नाचणीचं ओझं जमिनीवर ठेवून झऱ्यावर पाणी प्यायली आणि अडकून पडली. ठमाबाई उठणार, तेवढ्यात मिठाचा एक तरणा गडी आला. त्याचे पाय पाचही बोटांचे होते. त्याने इकडेतिकडे बघितलं, आपलं पोतं ओट्यावर ठेवलं, बाईला हात लावला, पुन्हा ओट्याशी येऊन डोकं खाली घातलं, पोतं ओढून घेतलं आणि गेला. कोणाकडे न बघता, नीट, सरळ चालत गेला. जमिनीवर कणभर मीठ सांडलं नाही.

तो वळणापलीकडे जाईपर्यंत ठमाबाई बघत राहिली. मग म्हणाली, "हौसे, त्यो आसाच ग्येला आसता गं." आणि ढसाढसा रडली. अकरा वर्षांत ती रडलेली कोणी बघितली नव्हती. रडून झाल्यावर ओट्याला टेकली आणि तिथेच भरदुपारी तिला गाढ झोप लागली. हौसाने तिला दिवस कलेपर्यंत उठवलं नाही. त्यानंतर ती कोणाचे पाय बघायला खिंडीत आली नाही, असं सांगतात.

तेव्हापासूनची ही रीत. स्वतः दमलात तर ओझं जमिनीवर ठेवायचं. ओटा फक्त दुसऱ्याला हात लावायला थांबलेल्या माणसाचा. त्याच्यावर ओझं दिसलं की समजायचं, कोणीतरी दुसऱ्यासाठी मागे थांबलंय. ज्याला हात लावला तो मागे वळून काही बोलत नाही, आणि त्याने बोलावं अशी कोणी अपेक्षाही ठेवत नाही. मलाही आयुष्यात किती जणांनी हात लावला, त्यांतला एक चेहरा आठवत नाही. या वयात त्याचं फार वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

आता ओझी राहिली नाहीत. सरपणाला येणाऱ्या चार बायका, आणि तुमच्यासारखे हौशी. पण आजही आमच्याकडचं माणूस खिंड ओलांडताना ओट्याकडे एकदा नजर टाकतं. तो मोकळा दिसला की हळूच म्हणतं, "कोनी मागं ऱ्हायलं नाय," आणि मगच उतरणीला लागतं.