हैबतीचे पांढरे धोंडे

सोंडेवाडीच्या डोंगरात रस्ता नव्हता, नुसती खिंड होती, आणि धान्याच्या गोण्या बैलांच्या पाठीवरून पठारावर जात होत्या, त्या काळातली ही हकीकत. किती वर्षं झाली ते डोंगरालाच ठाऊक.

त्या गावात हैबती नावाचा माणूस होता. बुजरे बैल माणसाळवणं हे त्याचं काम. खिंडीत वारा असा घुमायचा की भलाभला बैल तोंडाशी येऊन गोण्या फेकायचा आणि माघारी पळायचा. लोक चाबूक ओढायचे, बैल आणखी बुजायचा. हैबतीच्या हातात मात्र कधी कुणी चाबूक पाहिला नाही. बैल जिथं थरथरला तिथं तोही थांबायचा. मानेवर हात ठेवून लांब लांब श्वास सोडत राहायचा. बैलाची कातडी शांत झाली, त्यानं गवताला तोंड लावलं, की त्या जागी एक पांढरा धोंडा ठेवायचा आणि मगच घरी फिरायचा. दुसऱ्या दिवशी त्या धोंड्याच्या चार पावलं पुढं. असं म्हणतात, त्याच्या श्वासासरशी खिंडीतला वारासुद्धा दमानं वाहू लागायचा.

त्याच गावात म्हाळसा सुईण होती. पाच वाड्यांतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. एका वर्षी पठारावरून बोलावणं आलं, ती धावत गेली, पण उशीर झाला होता. बाळंतीण तिच्या मांडीवर गेली. परतताना खिंडीत म्हाळसाची छाती एकाएकी ढोलासारखी वाजू लागली. बोटांना मुंग्या आल्या, घसा आवळला, घामानं लुगडं भिजलं. आपण मेलो, आत्ताच मेलो, असं तिला वाटलं. ती मेली नाही. पण त्या दिवसापासून तिला त्या भीतीचीच भीती बसली.

तिचा बापही असाच हुरहुरत जागा राहायचा. त्यात तिची वर्षानुवर्षांची जागरणं, त्यावर हा मृत्यू. तीन ओढे एका जागी मिळाले आणि पूर आला. त्यात पाप कुणाचं नव्हतं. पण गावाला कोण सांगणार? देवऋषी आला, त्यानं मिरच्यांची धुरी दिली, पाठीवर कोरडे ओढले. म्हाळसाचा श्वास आणखी कोंडला.

मारणाऱ्यांनी केली त्याहून मोठी चूक माया करणाऱ्यांनी केली. ती खिंडीकडे निघून कापू लागली की नवरा राणोजी तिला उचलून घरी आणायचा. घरी छाती निवायची, आणि छातीला वाटायचं, माघारी आले म्हणून वाचले. मग वेशीशी कापरं भरू लागलं, मग विहिरीशी. शेवटी उंबरा ओलांडवेना.

अशात निरोप आला. पठारावर दिलेली तिची लेक साळू पोटुशी होती, चैत्रात बाळंत होणार होती. पठारावर दुसरी सुईण नव्हती. मधे उरले तीन महिने.

राणोजी हैबतीच्या दारात जाऊन बसला.

"हैबतीबा, बैल नाही रे ती. बायको आहे माझी."

"बैल असती तर सोपं होतं," हैबती म्हणाला. "बैलाला गाव नावं ठेवत नाही."

त्यानं आधी खालच्या पेठेतून वैद्य आणला. वैद्यानं नाडी पाहिली, छातीला कान लावला. "काळीज धडधाकट आहे, बाई. आतला जागल्या तेवढा बिथरलाय. कोल्हा आला तरी ओरडतो, पान हललं तरी ओरडतो. त्याला हाकलून चालणार नाही, शेत उघडं पडेल. त्याला शिकवावं लागेल." झोपेसाठी काढा दिला आणि बजावलं, "बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं सोडायचा नाही."

मग हैबती उंब्र्याबाहेर येऊन बसला. त्यानं दार लोटलं नाही की तिला बोलावलं नाही. नुसतं विचारलं, "आज कुठपर्यंत, बाय?"

"अंगणापर्यंत," म्हाळसा कशीबशी म्हणाली.

अंगणात ती लटलट कापली. राणोजी पुढं झाला, तर हैबतीनं त्याचा हात धरला. "उचलू नकोस. थांब." तिघं तिथंच बसली. श्वास आत घ्यायचा थोडका, सोडायचा लांब. भीती चढली, चढली, आणि माथ्यावर पोचल्यावर आपसूक उतरू लागली. भीतीला उतारही असतो हे म्हाळसाला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. तिथं पहिला पांढरा धोंडा पडला.

दुसरा विहिरीशी, तिसरा वेशीत. पोरं हसायची, "हैबतीनं नवा बैल धरला!" काही दिवशी ती धोंड्यापर्यंतही पोचायची नाही. हैबती म्हणायचा, "धोंडा कुठं पळत नाही."

चैत्र लागला आणि एका सकाळी साळूचा दीर धापा टाकत आला. कळा सुरू झाल्या होत्या. शेवटचा धोंडा खिंडीच्या अलीकडं होता. पुढची वाट कोरी.

म्हाळसा निघाली, सोबत राणोजी आणि हैबती. खिंडीच्या मधोमध वारा घुमला आणि सगळं एकदम आलं, ढोल, मुंग्या, आवळलेला घसा. "माघारी चल गं!" राणोजी कळवळला.

"माघारी गेलीस तर भीती तुझ्याआधी घरी पोचेल," हैबती म्हणाला.

"आणि पुढं मेले तर?"

"हेच तू अंगणात विचारलंस. विहिरीशी विचारलंस. वेशीत विचारलंस."

म्हाळसा तिथंच खाली बसली. श्वास सोडू लागली. असं म्हणतात, त्या वेळी खिंडीत चाळीस बैल होते, आणि चाळीसही बैल तिच्यासोबत थांबले. एकाही गळ्यातली घंटा वाजली नाही. वारा पडला. डोंगरानंही श्वास सोडला, तो पाच वाड्यांना ऐकू आला. मग म्हाळसा उठली. पाय कापत होते. कापत्या पायांनीच ती खिंड ओलांडून गेली.

सूर्य डोक्यावर येईतो साळूला मुलगी झाली. पायाळू. दुसऱ्या कुणाच्या हातून वाचली नसती.

म्हाळसाची भीती पुरती गेली असं कुणी सांगत नाही. अधूनमधून यायची. ती म्हणायची, "आलीस का? बैस," आणि कामाला लागायची. हैबतीला एकदा तिनं विचारलं, हे कुठं शिकलास? तो म्हणाला, "मीही बुजलेलाच होतो, बाय. एक म्हातारा बैल माझ्यासाठी थांबला होता."

त्याचं मरण कुणी पाहिलं नाही. एका पहाटे तो खिंडीत शिरला, आणि उन्हं वर आली तेव्हा खिंडीपलीकडं पठारापर्यंत पांढऱ्या धोंड्यांची रांग लागलेली होती. ते कुणी ठेवले, कुणालाच माहीत नाही.

आता घाटातून डांबरी रस्ता गेलाय, तालुक्याला मनाचे डॉक्टर आहेत, आणि सोंडेवाडीची माणसं त्यांच्याकडं न लाजता जातात. तरी बैलांच्या सणाच्या, बेंदराच्या आदल्या दिवशी अख्खं गाव त्या धोंड्यांना चुना लावतं. बेंदराला बैलावर चाबूक उगारत नाहीत. आणि वर्षातल्या कुठल्याही दिवशी, कुणी त्या वाटेवर धोंड्याशी कापत बसलेलं दिसलं, तर जाणारा माणूस त्याला घाबरू नकोस म्हणत नाही, ओढतही नाही. हातातलं काम खाली ठेवतो, शेजारी बसतो, लांब श्वास सोडतो आणि विचारतो,

"आज कुठपर्यंत?"