खांबाची माणसं

पाय आत घ्या रे सगळ्यांनी. हं, ऐका आता.

एकदा काय झालं, इजिप्त नावाच्या देशात, नील नदीच्या काठी एक गाव होतं. त्या गावात पेतेहोर नावाचा एक म्हातारा राहायचा. तो देवळातला लेखनिक. तिथली जुनी लिपी चित्रांची होती बरं का. घुबड, साप, बदक, डोळा, अशी चित्रं काढायची आणि तीच वाचायची. ती वाचणारा गावात तो एकटाच उरला होता. पण त्याचे डोळे गेले होते. मग त्यानं काय केलं? आपल्या मुलीच्या, तैसिसच्या, तळहातावर बोटानं एकेक चित्र काढून तिला सगळी लिपी शिकवली.

देवळाच्या दारात एक खांब होता. एकाच तांबड्या दगडाचा, ताडाच्या झाडाएवढा उंच. त्याच्यावर खालपासून वरपर्यंत चित्रं कोरलेली.

तेव्हा त्या देशावर रोमचं राज्य होतं. रोमच्या बादशहाच्या कानावर खांबाची गोष्ट गेली. तो म्हणाला, "मला तो खांब माझ्या शहरात हवा."

मग एक भलंमोठं जहाज आलं. त्यातून वेत्तियस नावाचा अंमलदार उतरला. माणूस वाईट नव्हता, पण हुकमाचा ताबेदार. त्यानं गावकऱ्यांना गोळा करून सांगितलं, "नदीला पूर आहे तोवरच एवढं ओझं जहाजावर चढेल. तीन दिवसांत खांब चढला नाही, तर गावातले सगळे धडधाकट पुरुष वाळवंटातल्या खाणीत पाठवायचे, असा हुकूम आहे. मी काही करू शकत नाही."

खाणीत गेलेला माणूस परत येत नसे. बायका रडायला लागल्या.

पहिल्या दिवशी दोनशे माणसांनी दोर लावून ओढलं. दोर तटातट तुटले. दुसऱ्या दिवशी चाळीस बैल जुंपले. बैल मटकन खालीच बसले. खांब तसूभरही हलला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेतेहोर म्हणाला, "तैसिस, मला खांबापाशी ने." त्यानं खांबाला कान लावला. मग मुलीला म्हणाला, "ऐक, दगड बोलतोय."

तैसिसनं कान लावला. उन्हानं तापलेल्या दगडातून बारीक आवाज येत होता. "माझ्यावर मला उभारणाऱ्या राजाचं नाव एकोणीस वेळा कोरलंय. पण ज्यांनी मला घडवलं त्यांचं एकदाही नाही. इतक्या लांब जायचं, तर मी एकटा जाणार नाही. माझी माणसं बरोबर द्या."

"बाबा, त्यांची नावं कुठे लिहिली आहेत?"

"कुठेच नाहीत गं," म्हातारा म्हणाला. "देवळातले सगळे कागद मी वाचले होते. त्या माणसांबद्दल कुणी एक ओळ लिहिली नाही."

सूर्य वर चढत होता. पुरुष दोर हातात धरून उभे होते. तैसिस खांबाभोवती फिरू लागली. चित्रं सोडून तिनं दगडच बघायला सुरुवात केली. हात फिरवून, अगदी जवळून. आणि एका ठिकाणी ती थांबली.

"बाबा, इथले छिन्नीचे घाव उलट्या बाजूनं पडलेत. हा माणूस डावखुरा होता. त्याचं नाव हुई. सगळे त्याला हसायचे, म्हणून तो सगळ्यांच्या आधी कामाला यायचा."

"खोटं सांगू नकोस!" पेतेहोर रागावला. "हुई हे नाव तुला कुणी सांगितलं?"

"नाव मी दिलं, बाबा. पण घाव त्याचे आहेत. हात लावून बघा."

म्हाताऱ्यानं बोटं फिरवली. घाव खरंच उलटे होते. तेवढ्यात काय झालं ठाऊक आहे? खांब वाळूतून अलगद वर आला, आणि बाळाला निजवावं तसा शेजारी रचलेल्या ओंडक्यांवर आडवा झाला!

मग तैसिसला एक बदक सापडलं. त्याची पाठ वाकडीतिकडी कोरलेली. ती म्हणाली, "हे कोरणारा फार म्हातारा होता. हात कापायचे त्याचे. शेजारच्यानं म्हटलं असेल, तुम्ही बसा काका, मी करतो. पण हे शेवटचं बदक त्यानं स्वतःच पुरं केलं." आणि खांब घरंगळत घरंगळत थेट नदीकाठी गेला.

आता फक्त जहाजावर चढायचा राहिला. पण तिथे तो पुन्हा अडला. तैसिसनं कान लावला. दगड म्हणाला, "ज्यांनी मला डोंगरातून ओढत आणलं, ते राहिले."

ती कितीतरी वेळ शोधत राहिली. ओढणाऱ्यांची खूण दगडावर कुठून असणार? तिला रडू फुटलं. "मला नाही सांगता येत."

तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "मी सांगू?"

तो वेत्तियस होता. त्यानं शिरस्त्राण काढून हातात घेतलं. "आमच्याकडेही नदी आहे. माझे वडील काठावरून दोरानं नावा ओढायचे. घरी यायचे तेव्हा हातांची सालटं निघालेली असायची. त्यांना भाकरीचा तुकडा मोडता यायचा नाही. आई त्यांना घास भरवायची. आम्ही मुलं बघायला लागलो की ते लाजायचे." मग म्हणाला, "याला ओढणारेही तसेच घरी गेले असतील."

दगडातून एक लांब उसासा आला. आणि तो खांब, अरे, पिसासारखा उचलला गेला आणि जहाजात जाऊन बसला!

पुरुषांनी दोर टाकले आणि बायकापोरांना मिठ्या मारल्या. वेत्तियस तैसिसला म्हणाला, "ताई, ही माणसं मला लिहून द्या. तिकडे लोक राजाचं नाव विचारतील. मी यांचं सांगेन." पाणगवताचा कागद असतो तिकडे, त्यावर तिनं सगळं लिहून दिलं. नाव कुठलं आपण दिलेलं आणि खूण कुठली खरी, तेही लिहिलं. जहाज निघून गेलं.

पेतेहोर दिवसभर खांबाच्या रिकाम्या जागेपाशी बसून राहिला. जन्मभर त्यानं फक्त राजांचं आणि देवांचं लिहिलं होतं ना.

दुसऱ्या दिवशी शेजारची बाई दारात आली. चाचरत म्हणाली, "माझी आई परवा गेली. टोपल्या विणायची. तिचं कुणी लिहील का?"

तैसिसनं वडिलांकडे बघितलं. म्हातारा सरकून बसला, बाईला जागा करून दिली आणि म्हणाला, "तैसिस, लेखणी घे." मग बाईकडे तोंड वळवून हळूच विचारलं, "विणताना गाणं म्हणायची का गं ती?"

त्या दिवसापासून गावातल्या एकाही माणसाचं लिहायचं राहिलं नाही. बापलेक सुखात राहिले, वेत्तियस आपल्या घरी सुखरूप पोचला, आणि गावही आनंदात नांदलं.

झाली गोष्ट. मिटा बघू डोळे. पांघरूण मी घालते.