तेरड्याच्या परीचे तीन दिवस

टेकडीच्या कुशीत एक इवलंसं गाव होतं आणि गावाच्या टोकाला एक इवलंसं घर. घरात मंजुळा आणि तिची आई, दोघीच. गजरे विकून पोट भरायचं. गरिबी पाचवीला पुजलेली, पण अंगण कसं लखलखीत! रोज सकाळी मंजुळा दारात चिमुकली रांगोळी काढायची आणि दार दिवसभर उघडं असायचं.

नागपंचमीला सगळं गाव वडाखाली झोके घ्यायला गेलं. मायलेकी परतल्या, तर बाहेरची कडी निघालेली आणि दार सताड उघडं. चांदीचं निरांजन गेलं होतं, आईची ठेवणीतली हिरवी साडी गेली होती. त्यानंतर आईचं हसूही गेलं. ती दिवसभर दार लावून बसायची, दहादा कडी तपासायची, पान हललं तरी दचकायची.

"परक्याचा हात लागलाय गं सगळ्याला," असं म्हणत तीच तीच भांडी पुन्हा घासायची.

आणि मंजुळाने रांगोळी सोडली. का, ते तिने कुणालाच सांगितलं नाही. त्या दिवशी निघताना तिने दारभर रांगोळी काढली होती. दुपारपर्यंत तिच्यावर एकही पाऊल उमटलं नाही. घरात कुणी नाही, हे चोराला त्या कोऱ्या रांगोळीवरूनच कळलं असणार! हा काटा पोरीच्या काळजात रुतून बसला होता.

एका सकाळी ओढ्याकाठी तिला शेळ्यांनी तुडवलेलं तेरड्याचं रोपटं दिसलं. स्वतःचं दुःख डोंगराएवढं, तरी तिने वेणीची रिबीन सोडली आणि रोपट्याला काडीचा आधार बांधला. मला तर तिचं भारीच कौतुक वाटतं! तोच गुलाबी, जांभळा, पांढराशुभ्र झगमगाट झाला आणि फुलातून पाकळीएवढी परी बाहेर आली.

"मी तेरड्याची परी. दोन इच्छा माग, बाळ. पण चोरीला गेलेलं मला परत आणता येत नाही. आणि मी देईन ते तीनच दिवस टिकेल. तेरड्याचा रंग तीन दिवस, ठाऊक आहे ना?"

"माझ्या आईची भीती जाऊ दे," मंजुळा चटकन म्हणाली.

झालं! आई गुणगुणू लागली, गजरे घेऊन बाजारात गेली, दाराकडे तिने वळूनही पाहिलं नाही. मंजुळा आनंदाने नाचली. पण चौथ्या दिवशी खट्कन कडी लागली आणि आई भिंतीला टेकून हमसून हमसून रडली.

मंजुळा ओढ्याकाठी जाऊन विचार करत बसली. तुम्ही काय मागितलं असतं? सोन्याचा वाडा? लोखंडी दार? आमची मंजुळा म्हणाली, "परी, मला धीर दे."

"तीन दिवसांचा धीर कसा पुरेल गं?"

"पुरेल. मला आईला एक गोष्ट सांगायचीय. ती एकदाच तर सांगायची आहे!"

परीने तिच्या कपाळावर रंगांची चिमूट सोडली. मंजुळा धावत घरी गेली आणि आईच्या कुशीत शिरून म्हणाली, "आई, चोर माझ्यामुळे आला. माझी रांगोळी बघून."

आई थक्क झाली. मग तिचेही डोळे भरले. "अगं वेडाबाई, तू हे एकटीने सोसलंस? मला वाटत होतं, माझ्यामुळे आला. आदल्या दिवशी एका वाटसरूला पाणी देताना मीच बोलून गेले, की उद्या आम्ही सगळ्या झोक्यावर!"

"पण तहानलेल्याला पाणी देणं चूक कसं, आई?"

"आणि दारात रांगोळी काढणं?"

दोघींना एकदमच उमगलं. चूक चोराची होती. दोघींनी मिळून खूप रडून घेतलं, आणि मग आईने आपल्या हाताने कडी काढली.

चौथा दिवस उजाडला. रांगोळीची चिमूट घेऊन मंजुळा दारातच अडखळली. परीचा धीर संपला होता. तेवढ्यात आई बाहेर आली. भीती तिलाही वाटत होती, पण तिने मंजुळाचा हात हातात धरला आणि दोघींनी मिळून पहिली रेघ ओढली. शेजारच्या गोदाकाकू कौतुकाने बघायला आल्या आणि चुकून पाय पडला तो नेमका रांगोळीवर.

"अगंबाई, मोडली की!"

"मोडू दे काकू, आत या!" आई म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

त्या क्षणी उंबऱ्याशी गुलाबी, जांभळा, पांढराशुभ्र उजेड फुलला. "शाब्बास, माझी गुणाची बाय!" असं कुणीतरी म्हणालं आणि उजेड विरून गेला. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना मात्र तेरड्याची रोपं डोलत होती, आणि एका रोपाला मंजुळाची रिबीन बांधलेली होती.

आईने वाटसरूंसाठी पाण्याची कळशी दारात आणून ठेवली. दार उघडंच होतं.