अडीच वाव पाणी

“...पण काका, तुम्ही तरी कधी वापरलंत का असलं यंत्र?”

सुहास मोंडकरने हे विचारलं तेव्हा झिलू तांडेल अंगणात बसून जाळं शिवत होते. वय ऐंशीच्या घरात. देवगडच्या खाडीपट्ट्यात त्यांचं नाव अजून निघायचं. झिलू तांडेल नुसत्या दोरीने समुद्र मोजतो, असं लोक म्हणत.

ती दोरी आता सुहासकडे होती. टोकाला शिशाचा गोळा, गोळ्याच्या बुडाला साबण चोपडलेला. दोरीवरून खोली कळायची, आणि साबणाला वाळू चिकटली की चिखल, त्यावरून तळ. चार वर्षं सुहास ही विद्या शिकत होता. त्याची स्वतःची लहान फायबरची होडी होती. गळ टाकायला तो एकटाच जायचा.

बायकोच्या आग्रहाने तो खोली मोजणारं यंत्र बघून आला होता. दुकानात दोन होती. एकाच्या मोठ्या पडद्यावर मासे रंगीत दिसायचे, दुसरं लहान, फक्त पाण्याचा आकडा दाखवायचं. दोन्हींची माहिती त्याने काकांना सविस्तर सांगितली. खरं म्हणजे काकांनी एवढंच म्हणावं, अशी त्याची इच्छा होती, की तुला रे यंत्र कशाला?

काकांनी दोरा दातांनी तोडला.

“होडी काढ,” ते म्हणाले.

ओहोटी लागली होती. खाडीच्या तोंडाशी जिथे वाळूचा बांध दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो, तिथे काकांनी इंजिन मंद करायला लावलं. मग स्वतः मागे सुकाणूचा दांडा धरून बसले आणि सुहासला पाणी मोजायला सांगितलं.

सुहास पुढे गेला. ओणवा होऊन त्याने दोरी सोडली, वर घेतली, दोन्ही हात पसरून एकेक वाव मापली, गोळा उलटा करून बघितला.

“अडीच वाव. खाली बारीक वाळू.”

“बरोबर,” काका म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. “परत टाक.”

सुहासने परत टाकली. या वेळी पाणी दोन वाव भरलं. तो मान वर न करता म्हणाला, “मग सांगा काका, यंत्राची गरज काय?”

काकांनी दांड्यावरचा हात काढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

होडीचं तोंड फिरलं. प्रवाहाने तिला आडवं धरलं. सुहासला ते कळेपर्यंत बुडाखाली वाळू करकरली. दोरी टाकून, फळ्यांवरून धडपडत तो मागे आला, दांडा हिसकला, इंजिन वाढवलं. होडी दोनदा घासली... आणि सुटली.

खोल पाण्यात आल्यावर त्याने इंजिन बंद केलं.

“तुम्ही दांडा का सोडलात?”

“तू पाणी बरोबर मोजत होतास,” काका म्हणाले. “माझ्यापेक्षा लवकर मोजतोस.”

“मग?”

काका बांधावर फुटणाऱ्या लाटांकडे बघत सांगू लागले. दोरी त्यांच्या हातात असायची तेव्हा सुकाणूवर त्यांचा धाकटा भाऊ महादेव असायचा. छत्तीस वर्षं. तो कधी बोलायचा नाही, म्हणून लोकांना त्याचं नावही ठाऊक नाही. तो गेला त्या वर्षापासून काका एकटे कधी खाडीबाहेर पडले नाहीत. गावाला वाटलं, म्हातारा दमला.

सुहास खाली बघत होता.

“हे मला कधी सांगितलं नाहीत.”

“तू दोरी शिकायला आला होतास...”

सुहासने ओली दोरी गोळा केली, नीट गुंडाळली आणि फळीखाली ठेवली.

“दोन्हींतलं कुठलं घेऊ?” या वेळी त्याने खरंच विचारलं होतं.

पाणी कमी झालं तर ती यंत्रं काही सांगतात का, असं काकांनी विचारलं.

“दोन्ही सांगतात. शिटी वाजते.”

काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“ज्याची शिटी मोठी, ते घे. माझी हाक आता किनाऱ्यावरून पोचत नाही.”