आबांचा खर्च

पोटगी ठरवायची तारीख होती. साहेबी थाटाचा विलास कोर्टात म्हणाला, "पोटगी कमी करा. म्हातारे वडील माझ्याच जिवावर आहेत."

मागच्या बाकावरून दगडूआबा काठी टेकत उठले.

"मग सांग, मी भाकरी कशात कुस्करतो?"

"दुधात."

सून वैजयंता खाली मान घालून पुटपुटली, "आमटीत. दूध सोसत नाही त्यांना."

न्यायाधीश हसले. आबा हसले नाहीत.

"साहेब, माझा खर्च यानेच करावा, मला मान्य आहे. फक्त तो पोटगीत मिळवा. मी आजपासून सुनेच्या खोलीवर राहणार."

न्यायाधीशांनी वैजयंताकडे पाहिलं. तिने डोळे पुसत आबांची पिशवी उचलली. ती जड लागली. आबांनी कपडे सकाळीच भरले होते.