खिंडीतलं दार

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे डोंगरांनाही आठवत नसेल इतक्या पूर्वी, डोंगरमाथ्यावर एक राज्य होतं आणि पायथ्याशी दुसरं. वर मेंढपाळ राहत, खाली शेतकरी. मध्ये एक अरुंद खिंड होती आणि ये-जा करायला तेवढीच वाट होती.

दरवर्षी खालची पिकं निघाली, की मेंढपाळ कळप घेऊन खिंडीतून उतरत. तेव्हा वरचं गवत थंडीने करपलेलं असे. मेंढरं शेतातला पाला नि धसकटं खात आणि रात्री शेतातच बसत. आज याच्या, उद्या त्याच्या. जाताना शेतकरी मेंढपाळांना पायली-दोन पायली ज्वारी देत. ही रीत कोणी घातली, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग खालच्या राज्यात नवा राजा गादीवर आला. राजा हुशार होता, फक्त आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. ही रीत पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. परक्यांची मेंढरं आपल्या रानात चरणार, आणि ज्वारीही आपणच द्यायची? चोर तो चोर, वर शिरजोर, असं त्याला वाटलं. त्याने खिंडीत भक्कम दार बसवलं, कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लावली.

पहिल्या वर्षी कोठारं जरा जास्त भरली. राजा खूश झाला. दुसऱ्या वर्षी ज्वारी खुरटली. तिसऱ्या वर्षी देवीला पहिलं कणीस वाहायला राजा उभा राहिला, तेव्हा त्याच्या स्वतःच्या शेतातलं ते कणीस बोटाएवढंच होतं. सगळ्या गावासमोर त्याला लाज वाटली.

"जमिनीला झालंय तरी काय?" त्याने शेजारच्या म्हाताऱ्या शेतकरणीला विचारलं.

"उपाशी आहे ती," म्हातारी म्हणाली. "महाराज, मेंढरं दिवसा काय खातात ते तुम्ही बघितलंत. रात्री बसून काय ठेवून जातात, ते बघायचं राहिलं. त्या लेंड्यांवरच आपलं रान पिकत होतं."

राजा त्याच पावली निघाला. दार उघडून डोंगर चढला. वर मेंढपाळांचा म्होरक्या भेटला, पण कळप निम्माही उरला नव्हता. बाकीची मेंढरं दोन हिवाळ्यांत चाऱ्यावाचून मेली होती आणि ज्वारीवाचून माणसांचीही गालफडं बसली होती. राजाने हात जोडले आणि चूक आपलीच असल्याचं कबूल केलं.

म्होरक्याने उरलेल्या कळपावरून नजर फिरवली. मग म्हणाला, "येतो आम्ही. पण एवढी मेंढरं सगळ्या शेतांना पुरायची नाहीत. यंदा कोणाच्या शेतात बसवायची, ते तुम्हीच सांगा."

राजाने आपलं शेत सर्वांत शेवटी ठेवलं. कळप वाढून त्याच्या बांधापर्यंत पोचायला सात वर्षं लागली. तोवर तो दरवर्षी देवीला तसंच बोटाएवढं कणीस वाही आणि ते एवढंसं का, हे लोकांना स्वतःच्या तोंडाने सांगे. खिंडीतलं दार काढून त्याच्या फळ्यांची त्याने मेंढरांना पाणी पाजायची डोण करवली.

म्हणून सांगतो, शेजाऱ्याची वाट अडवली, की उपास आपल्याही घरी येतो.