पहारेकऱ्याचे मौन

एकदा एका रक्तपेढीच्या संगणककक्षात भर दुपारी गुरू-शिष्यांचे कडाक्याचे भांडण झाले. गुरू वृद्ध होते. तिथले सर्व्हर त्यांनी तीस वर्षे सांभाळले होते आणि लहानथोर सगळे त्यांना तात्या म्हणत. शिष्य तरुण होता, हुशार होता, आणि दुर्दैवाने हे त्याला ठाऊक होते.

भांडणाचे कारण दारातच उभे होते. साठ किलोमीटरवरच्या तालुक्याहून एक माणूस धापा टाकत आला होता. बाळंतपणात त्याच्या बहिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता, तिला ओ निगेटिव्ह रक्त हवे होते. रक्तपेढीच्या ऑनलाइन यादीत दोन पिशव्या दिसल्या म्हणून डॉक्टरांनी त्याला इकडे पिटाळले. इथे फ्रीज उघडला तर त्या गटाची एकही पिशवी नाही! दोन्ही सकाळीच दुसऱ्या रुग्णाला दिल्या होत्या आणि यादीला त्याचा पत्ताच नव्हता.

"खोटी यादी लावता कशाला?" तो माणूस ओरडला. "माझी बहीण मरायला टेकलीय तिकडं!"

"यादीच्या सर्व्हरला काही झालेलं नाही," शिष्य तडकून म्हणाला. "रक्त देणाऱ्या खिडकीवर कुणाकडून नोंद करायची राहिली असेल." आणि त्याने पुरावा म्हणून आपला फोन पुढे केला. त्यावर नुकताच निरोप आला होता, 'सर्व क्षेम'.

या निरोपाची हकिगत अशी. सर्व्हरांवर नजर ठेवणारी एक वेगळी यंत्रणा तिथे होती. कुठे बिघडले की तिच्या पडद्यावर तांबडी ओळ उमटे. तात्या रोज दोनदा त्या पडद्यासमोर बसून ओळ न् ओळ वाचत. शिष्याला तो वेळकाढूपणा वाटे. त्याने एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. ती दर पाच मिनिटांनी यंत्रणेला विचारी आणि आलेल्या उत्तरात 'धोका' हा शब्द शोधी. सापडला तर घंटा वाजवी, न सापडला तर सर्वांना क्षेम कळवी. रक्तपेढीच्या साहेबांनी त्याची पाठ थोपटली, पडदा बंद करवला आणि तात्यांना म्हणाले, आता तुम्ही आराम करा.

तात्यांनी फोनवरचा निरोप वाचला. ते मागच्या कपाटापाशी गेले आणि नजर ठेवणाऱ्या त्या यंत्राचा प्लगच त्यांनी खेचून काढला.

शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तात्या, वेड लागलंय का तुम्हाला? चाळीस सर्व्हरवरचा पहारा बंद केलात! माझ्यावरचा राग यंत्रावर काढता?"

"चालव तुझी स्क्रिप्ट."

"आता कशाला? यंत्र मेलंय ते!"

"चालव म्हणतो ना!"

शिष्याने दात-ओठ खात आपल्या संगणकावर कळ दाबली. क्षणात फोन थरथरला. सर्व क्षेम.

मग तात्यांचा आवाज चढला. तीस वर्षांत तो कोणी इतका चढलेला ऐकला नव्हता.

"मेलेल्या पहारेकऱ्याला विचारलंस, सगळं बरं आहे ना? तो गप्प. आणि तू गावभर दवंडी पिटलीस की बरं आहे! मौन म्हणजे संमती हे लग्नाच्या बोलण्यांत धरत असतील, पहाऱ्यात नाही. अरे, उत्तरं तीन असतात. बिघडलंय, बिघडलं नाही, आणि मला कळलं नाही. हे तिसरं कबूल करायची तुला लाज वाटली, म्हणून ते दुसऱ्यात कोंबलंस. त्या लाजेची किंमत याची बहीण मोजतेय!"

शिष्याने प्लग पुन्हा लावला, पडदा सुरू केला. यादीच्या सर्व्हरसमोर तांबडी ओळ होती, पहाटेपासूनची. डिस्क भरल्यामुळे नवी नोंद आतच जात नव्हती. खालच्या नोंदी त्याहून जीवघेण्या होत्या. आदल्या दिवशी त्यानेच यंत्रणेचा पासवर्ड बदलला होता आणि स्क्रिप्टमध्ये जुनाच ठेवला होता. यंत्रणा दर पाच मिनिटांनी तिला सांगत होती, 'प्रवेश नाकारला'. त्यात 'धोका' हा शब्द नव्हता. आता त्याला ज्याचा राग येत होता तो माणूस त्याच्याच खुर्चीत बसलेला होता.

तात्यांनी इतर रक्तपेढ्यांचे नंबर पुढे ठेवले आणि शिष्य एकेक फोन लावत गेला. तिसऱ्या ठिकाणच्या बाई म्हणाल्या, असायला हवी एक. "असायला हवी नको, बाई," शिष्य म्हणाला, "फ्रीज उघडून बघता का? मी थांबतो." बाईंनी पिशवीवरचा क्रमांक वाचून दाखवला. तो चिठ्ठीवर उतरवून आणि आपला फोन नंबर सांगून तो माणूस धावत सुटला. आभार मानायला तो थांबला नाही, आणि त्याने का मानावेत?

शिष्याने डिस्क मोकळी केली, यादी फ्रीजशी ताडून पाहिली आणि संध्याकाळी त्या माणसाला फोन लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. साहेब घरी निघाले होते. "अरे, बरंच असेल," ते म्हणाले, "वाईट असतं तर कळलं असतंच की."

"साहेब, मला कळलेलं नाही," शिष्य म्हणाला आणि त्याने पुन्हा नंबर फिरवला. तात्या खुर्ची ओढून शेजारी बसले.

सहाव्या वेळी फोन उचलला गेला. "रक्त चढतंय. आत्ताच बोलली ती," भाऊ म्हणाला. मग त्याचा स्वर पुन्हा तापला. "ती यादी नीट केलीत का?"

"केली," शिष्य म्हणाला. "तरी आता पुन्हा बघतो."